रात्रपाळी गेली, दिवसपाळी आली: विजेचे नियम आपल्या भागात नवं काय घडू देतात आणि काय अडवतात?

कुपवाडकर | सोमवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय. आज लिहायला बसलोय, थोडं लांबेल.

कुपवाड एमआयडीसीत आमची लहान फाउंड्री आहे. वडिलांनी सुरू केली, आता मी आणि धाकटा भाऊ बघतो. पंपाच्या बॉड्या आणि व्हॉल्व्हची कास्टिंग करतो. इंडक्शन फर्नेसवर एक टन लोखंड वितळवायला सहाशे युनिटच्या आसपास वीज लागते. स्क्रॅपच्या खालोखाल आमचा मोठा खर्च विजेचाच.

कित्येक वर्षं आम्ही मेल्टिंग रात्री करत आलो. कारण साधं होतं. उच्चदाब उद्योगांना रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत युनिटमागे दीड रुपया सूट मिळायची. सकाळी ९ ते १२ या वेळेत ८० पैसे जादा, संध्याकाळी ६ ते १० एक रुपया दहा पैसे जादा. म्हणून दिवसा मोल्डिंग, कोअर, फेटलिंग उरकायचं, दहा वाजले की फर्नेस लावायची आणि पहाटे साडेपाचला शेवटची हीट (भट्टीतल्या लोखंडाचा घाणा) ओतून मोकळं व्हायचं. आमचे मेल्टर वीस वर्षं ऊन डोक्यावर असताना झोपले. त्यांच्या पोरांच्या शाळेतल्या एकाही कार्यक्रमाला ते जागेपणी गेले नाहीत, हे त्यांनी मला स्वतः सांगितलंय.

आता घड्याळ उलटं फिरलंय. केंद्राने जून २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली: उन्हाच्या आठ तासांत दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी हवा आणि पीकच्या, म्हणजे सगळ्यात जास्त मागणीच्या वेळी जास्त. उद्योग-व्यापाराला हे एप्रिल २०२४ पासून लागू करायचं होतं, शेती सोडून बाकीच्यांना एप्रिल २०२५ पासून. आपल्या राज्याच्या वीज नियामक आयोगाने मार्च २०२५ च्या बहुवार्षिक दर-आदेशात सकाळी ९ ते संध्याकाळी ५ ही वेळ स्वस्त केली आणि संध्याकाळ महाग. तो आदेश थोड्याच दिवसांत स्थगित झाला, जूनच्या अखेरीस सुधारून पुन्हा आला. त्या तीन महिन्यांत आम्ही पाळ्यांचं वेळापत्रक दोनदा छापलं आणि दोनदा फाडलं.

शेवटी मेल्टिंग दिवसा आणलं. उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता फर्नेससमोर उभं राहणं काय असतं ते तिथं उभं राहिल्याशिवाय कळत नाही. शेडला वरून हवा बाहेर काढणारे पंखे बसवले, पाण्याची, ताकाची सोय केली, दर हीटनंतर माणूस बदलतो. पण मेल्टर घरी जेवायला असतात.

आता मूळ मुद्दा. शेडच्या पत्र्यावर आमचं १५० किलोवॅटचं सोलर आहे. ते बसवताना २०१९ चे रूफटॉप नियम मी ओळ न् ओळ वाचले होते. त्यात आहे की दिवसातल्या दराच्या ज्या वेळ-टप्प्यात वीज तयार झाली त्याच टप्प्यातल्या वापरातून ती आधी वजा होईल, आणि उरलेली वीज 'ऑफ-पीक'मध्ये (कमी मागणीच्या, स्वस्त वेळेत) तयार झाली असं धरलं जाईल. तेव्हा ऑफ-पीक म्हणजे रात्र. म्हणजे रविवारी दुपारी पत्र्यावर तयार झालेली वीज सोमवारी रात्री भट्टीच्या कामाला यायची. आमचा सगळा हिशोब त्यावर बसलेला. पुढे स्वस्त टप्पा दिवसावर आला आणि 'ऑफ-पीक' या शब्दाचा अर्थच फिरला. २०१९ च्या वाक्यात एक अक्षर बदललं नाही, तरी त्या वाक्याने आमच्या प्रकल्पाचं गणित बदललं. शिवाय सोलरने वाचणारं युनिट आता दिवसातलं सगळ्यात स्वस्त युनिट झालंय.

मी तक्रार म्हणून लिहीत नाही. दिवसा ऊन आहे, दिवसा वीज भरपूर आहे, तर दिवसा स्वस्त हवी, हे मला पटतं. माझा प्रश्न वेगळा आहे. दर किती यावर सगळे भांडतात. मला वाटायला लागलंय की पुढचं यंत्र कुठलं येणार, कोण आणणार आणि कुणाला ते परवडणार, हे दराच्या आकड्याआधी नियमाच्या वाक्यात ठरतं. आपल्या सांगली-साताऱ्यात पवनचक्क्या आल्या, साखर कारखान्यांचे कोजन (उसाच्या चिपाडावर वीज) आले, आता सोलर. प्रत्येक वेळी असंच झालं का? जाणकारांनी लिहावं.

---

मोरणाकाठचा | सोमवार, रात्री ११:१५

कुपवाडकर, फार नेमकं लिहिलंत. मी पाटण तालुक्यातला. वीज खात्यात उमेदीची वर्षं घालवून निवृत्त झालो, तेव्हा पवनचक्क्यांचं मी सांगतो. ते माझ्या डोळ्यासमोर घडलंय.

वनकुसवड्याच्या पठारावर नव्वदच्या दशकाच्या शेवटी यंत्रं चढायला लागली. त्याआधी तिथं गवत, वारा आणि धनगरांची खांडं, एवढंच. वारा काय त्या वर्षी सुरू झाला नव्हता. सुरू झाली होती आयकरातली सवलत: पहिल्याच वर्षी यंत्राच्या किमतीवर शंभर टक्के घसारा, म्हणजे सगळी किंमत करपात्र नफ्यातून वजा. त्यावर राज्याच्या १९९८ च्या धोरणातली विक्रीकराची सवलत. ज्याला भरपूर नफा आणि भरपूर कर, त्याला पवनचक्की फायद्याची. मग ती किती फिरते याच्याशी त्याचं फारसं देणंघेणं नसायचं.

ही गोष्ट बारकाईने बघा. घसारा मिळायचा तो यंत्र उभं केल्यावर, वीज काढल्यावर नव्हे. यंत्र वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरात असेल तर घसारा निम्मा. म्हणून सगळी धावपळ ३० सप्टेंबर आणि ३१ मार्च या दोन तारखांभोवती. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात रात्री घाटात पात्यांचे ट्रेलर अडकायचे. पुढे एक माणूस बॅटरी घेऊन चालतोय, मागे चाळीस चाकांचा धूड वळण घेतोय, आणि सगळ्यांना एकच चिंता, तारखेआधी मीटर फिरला पाहिजे. त्या काळातली यंत्रं सव्वादोनशे, साडेतीनशे किलोवॅटची. सगळ्यात चांगल्या वाऱ्याच्या जागी सगळ्यात लहान यंत्रं बसली, ती अशी.

खरा बदल झाला २००३ मध्ये. केंद्राचा वीज कायदा त्याच वर्षी आला आणि त्यात कलम ८६(१)(ई) खाली राज्य आयोगाला सांगितलं गेलं की अक्षय ऊर्जेला चालना द्या आणि वितरण कंपनीने ठराविक हिस्सा तिथून घ्यावा असं बंधन घाला. त्याच नोव्हेंबरात आपल्या आयोगाने पवनऊर्जेसाठी युनिटला साडेतीन रुपये, दरवर्षी १५ पैसे वाढ आणि १३ वर्षांचा करार असा आदेश काढला. तेरा वर्षं! बँकेच्या मॅनेजरला हे कागदावर दाखवता आलं. ज्याला कर वाचवायचा नव्हता पण वीज विकायची होती, असा माणूस पहिल्यांदा या धंद्यात येऊ शकला. पुढे ढालगाव, चाळकेवाडी, सडावाघापूर, गुढे पाचगणी, सगळीकडे पाती दिसायला लागली.

केंद्राने तोवर घसारा ८० टक्क्यांवर आणला होता, २००९ च्या शेवटी युनिटमागे ५० पैशांचं उत्पादन-आधारित अनुदानही सुरू केलं. म्हणजे फिरणाऱ्या यंत्राला पैसे. याने मोठी आणि चांगली यंत्रं आली. पण एप्रिल २०१२ पासून घसाऱ्याची जादा सवलतही गेली आणि अनुदानही थांबलं. अनुदान पुन्हा आलं, २०१४ मध्ये सवलतही पुन्हा आली, २०१७ पासून ४० टक्क्यांवर उतरली. असं दर दोन-तीन वर्षांनी पाणी सोडायचं आणि बंद करायचं म्हटल्यावर पीक कोण लावणार?

फेब्रुवारी २०१७ मध्ये देशात पवनऊर्जेचा पहिला लिलाव झाला, दर निघाला ३ रुपये ४६ पैसे. ग्राहकाच्या दृष्टीने उत्तम. पण लिलावात सगळ्यात स्वस्त वारा जिंकतो, आणि तो निघाला गुजरात-तामिळनाडूत. आपल्याकडचे जुने करार तेरा वर्षं भरून संपत गेले. आज पठारावर गेलात तर काही यंत्रं थांबलेली दिसतील. त्याच जागी आजचं एक मोठं यंत्र कितीतरी जुन्यांचं काम करेल. केंद्राचं त्यासाठीचं धोरण २०१६ मध्ये आलं, डिसेंबर २०२३ मध्ये सुधारलं. अडचण जमिनीवर आहे. एका पठारावर शेकडो मालक, प्रत्येकाच्या नावावर एक-दोन यंत्रं, प्रत्येकाची जोडणी वेगळी. दहा जणांनी मिळून एक मोठं यंत्र उभारायचं तर करार कुणाच्या नावाने आणि वाहिनीवरचा हक्क कुणाचा? तंत्र तयार आहे. हा कागद तयार नाही.

---

रानपाखरू | मंगळवार, सकाळी ७:०५

मोरणाकाठचे काका, चाळकेवाडीचं नाव घेतलंत म्हणून थोडं वेगळं. त्या पठारावर भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी काम केलंय, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी कितीतरी कमी, साधारण चौपटीने कमी दिसले. आणि ज्यांना ते खातात ते सरडे वाढले. वाढले म्हणजे नुसते संख्येने नाही, त्यांचं वागणंही बदललेलं: माणूस खूप जवळ गेला तरी पळत नाहीत, आणि अंगाने बारीक. नराच्या गळ्याचा निळा-केशरी पंखाही फिका. मी स्वतः मे महिन्यात त्या कातळावर पोटावर पडून हा सरडा पाहिलाय. माझ्या हातापासून दीड हातावर बसून होता.

सांगायचं कारण असं की देशात पवनऊर्जेला २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेखाली पूर्वपरवानगी लागत नाही. स्वच्छ ऊर्जा म्हणून सोडलंय. पक्ष्यांच्या वाटा टाळून यंत्र कुठे बसवावं, पात्याला रंग द्यावा का, पक्षी दिसला की यंत्र थांबवणारे कॅमेरे लावावेत का, असली नवी कामं जगात चाललीत. आपल्याकडे नियम ते विचारतच नाही, म्हणून ती करून दाखवायची गरज कुणाला पडत नाही. जुनी यंत्रं काढून नवी बसवायची वेळ येईल तेव्हा तरी हे विचारलं जावं.

---

जतचा दादा | मंगळवार, सकाळी ९:३०

राम राम. वाऱ्याचं झालं, आता पाण्याचं बोलतो. आमच्याकडं पाणी म्हणजेच वीज. म्हैसाळ, टेंभू, ताकारी, तिन्ही योजना कृष्णेचं पाणी पंपानं वर चढवून आणतात. वीजबिलाचा आकडा इतका मोठा की शेवटी ८१ टक्के सरकारनं आणि १९ टक्के शेतकऱ्यानं असं ठरलं तेव्हा कुठं पाणी नीट फिरायला लागलं. त्याआधी बिल थकलं की पंप बंद, आणि कालव्यात बाभळी उगवलेल्या आम्ही बघितल्यात.

रात्री पाणी पाजायचं आमच्या बापजाद्यांच्या नशिबात होतं. आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री लाईट. डाळिंबाच्या बागेत रात्री दोनला व्हॉल्व्ह फिरवायला जायचं, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी. साप चावून माणसं गेलीत. म्हणून दिवसा वीज हा आमच्यासाठी जिवाचा प्रश्न आहे, ह्यात अतिशयोक्ती नाही.

आता दोन वाटा आहेत. एक, सौर कृषी वाहिनी. उपकेंद्राजवळ सोलर उभारायचं आणि त्याच गावांचे शेतीचे फीडर (उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिन्या) त्यावर दिवसा चालवायचे. २०१७ ला सुरू झाली, २०२३ च्या दुसऱ्या टप्प्यात जोर आला. जमीन भाड्यानं दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, दरसाल तीन टक्के वाढ. जतच्या माळाला एवढं भाडं आजवर कुणी दिलं नव्हतं. दुसरी वाट, मागेल त्याला सौर कृषिपंप. दहा टक्के आपले, अनुसूचित जाती-जमातीला पाच टक्के. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५, त्याच्या वर साडेसात.

मी दुसरी घेतली. पाच एचपी, बोअरवर. चांगला चालतो. पण बघा, पावसाळ्यात आणि छाटणीनंतरच्या काही दिवसांत पंप बंदच असतो, अन् पॅनेल ऊन खात बसतंय. मी विचारलं, ह्याच्यावर कडबाकुट्टी चालवू का? केंद्राच्या कुसुम या सौरपंप योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत तसा कंट्रोलर बसवायला मुभा आहे, ज्यावर पंप बंद असताना पिठाची गिरणी, कुट्टी, छोटं शीतगृह चालतं. पण तसा कंट्रोलर मागितला तर पुरवठादार म्हणतो, योजनेत जो ठरलाय तोच मिळेल. आता पंप माझा, ऊन माझं, पॅनेल माझ्या रानात. शेजारच्या पोरानं, आयटीआय झालाय, स्वतः एक स्विच जोडून दाखवला. पण केला तर वॉरंटी गेली. डोकं गावात आहे, नियमानं त्याला जागा द्यायला पाहिजे.

---

कराडची माधवी | मंगळवार, दुपारी १:४०

दादा, तुमचं वाचून आमच्या बचत गटाचं लिहावंसं वाटलं.

माझ्या घरावर तीन किलोवॅट आहे, केंद्राच्या सूर्यघर या छतावरच्या सोलरच्या योजनेतून. पहिल्या दोन किलोवॅटला तीस-तीस हजार, तिसऱ्याचे अठरा, एकूण ७८ हजार अनुदान. फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीनंतर दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणीसाठी अडवत नाहीत, अर्ज मंजूर झालाच असं धरतात. या एका वाक्याने किती फरक पडला! आधी आमच्याच गल्लीत एकांनी केवळ हेलपाट्यांना कंटाळून बेत सोडला होता. पंचायतीच्या सभेत पाटण तालुक्यातल्या मान्याचीवाडीचं उदाहरण दिलं जातं, राज्यातलं पहिलं सौरग्राम. तिथं जाऊन आलेय मी. छोटं गाव, सगळ्यांनी एकदम ठरवलं, म्हणून झालं.

पण आमच्या गटाचं मसाला कांडप आणि शेवया यंत्र आहे. जागा भाड्याची, छत मालकाचं. वापर सगळा दिवसाचा, सकाळी दहा ते पाच. सोलरसाठी याहून योग्य काम सापडणार नाही. पण अनुदान घरगुती मीटरलाच. आम्हा बारा बायकांच्या बारा छतांवर वीज तयार होते, कांडप मात्र व्यावसायिक दराने चालतं. घरी उरलेली युनिटं मार्चअखेर हिशोबाला जातात आणि त्यांचा दर आपण भरतो त्याच्या जवळपासही नसतो. ती युनिटं कांडपाच्या बिलात वळवता आली, तर गटाला दुसरं यंत्र घेता येईल. मोठं तंत्रज्ञान लागत नाही त्याला, मीटर दोन्हीकडे आहेतच.

---

अर्थवेडा | मंगळवार, रात्री ८:२०

चर्चा सुंदर चालली आहे. मूळचा मिरजेचा, सध्या शिक्षणासाठी पुण्यात. याच विषयावर अभ्यास करतोय म्हणून एक बाजू मांडतो जी अजून आली नाही. कुपवाडकर दादांना ती कदाचित आवडणार नाही.

वितरण कंपनीचा धंदा कसा बांधलाय बघा. आयोग तिचा मान्य खर्च धरतो, भांडवलावर ठराविक परतावा देतो आणि ते सगळं युनिटांवर वाटून दर काढतो. तारा, खांब, उपकेंद्र उभारलं की भांडवल वाढतं. ग्राहकाने छतावर वीज केली किंवा वापर कमी केला की विक्री घटते, आणि तोच खर्च उरलेल्या युनिटांवर बसतो. अशा रचनेत कंपनीने छतावरच्या सोलरचं मनापासून स्वागत करावं ही अपेक्षाच चुकीची आहे. माणसं वाईट नसतात. त्यांना मिळणारा पैसा ज्याला बांधलाय ते ती करतात.

यावर जगात काही उपाय झालेत. अमेरिकेत १९७८ मध्ये पुर्पा नावाचा कायदा आला. त्याने तिथल्या कंपन्यांना लहान आणि अक्षय उत्पादकांची वीज घेणं भाग पाडलं, किंमत म्हणजे कंपनीचा स्वतःचा जेवढा खर्च टळला तेवढी. कॅलिफोर्नियातल्या पवनचक्क्यांना त्या कायद्याचा आणि करसवलतींचा मोठा हात लागला, आणि तिथंही सुरुवातीला कर वाचवणारी यंत्रं उभी राहिलीच, काका म्हणतात तशी. त्याच राज्याने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीची कमाई विक्रीपासून तोडली: वीज कमी विकली म्हणून तोटा नाही, जास्त विकली म्हणून नफा नाही. त्यानंतर वीज वाचवण्याच्या कार्यक्रमात कंपन्यांनी स्वतः पैसे घातले.

आता न आवडणारी बाजू. आपल्याकडे उद्योगांचा दर शेतीच्या आणि गरीब घरांच्या दराला आधार देतो. जून २०२२ च्या हरित खुल्या प्रवेशाच्या (वितरण कंपनी सोडून दुसऱ्याकडून हरित वीज घेण्याच्या) नियमांनी मर्यादा १ मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणली, म्हणजे मध्यम कारखानाही बाहेरून हरित वीज आणू शकतो. चांगलंच आहे. पण प्रत्येक मोठा ग्राहक बाहेर पडला की मागे राहिलेल्यांवर भार वाढतो. म्हणून क्रॉस सबसिडी अधिभार (त्या आधाराची भरपाई), व्हीलिंग (तारा वापरल्याचं भाडं), बँकिंगच्या (वीज जमा ठेवून नंतर घेण्याच्या) अटी येतात. उद्योजकाला तो अडथळा दिसतो, आयोगाला ती खुजगावच्या आजीच्या बिलाची काळजी असते. दादा, तुमची रविवार दुपारची वीज सोमवारी रात्री परत देताना मधले बत्तीस तास ती कुणीतरी सांभाळत होतं. त्याचं भाडं तुम्ही देत नव्हता.

कॅलिफोर्नियाने एप्रिल २०२३ पासून हेच केलं. छतावरून ग्रीडला दिलेल्या विजेचा मोबदला खूप कमी केला. सोलर बसवणारे धंदे कोलमडले, कामं गेली. आणि नव्या सोलरबरोबर बॅटरी घेणाऱ्यांचं प्रमाण एकदम वाढलं. एकाच नियमाने एक गोष्ट मारली, दुसरी जगवली.

---

कुपवाडकर | मंगळवार, रात्री १०:३०

अर्थवेडा, आवडलं नाही असं काही नाही. बत्तीस तासांचा मुद्दा मी असा कधी पाहिला नव्हता, आणि तो खरा आहे. भाडं द्यायला माझी ना नाही. ते किती, आणि पुढची दहा वर्षं कसं बदलेल, एवढं आधी सांगा. सोलर आम्ही पंचवीस वर्षांचं म्हणून घेतलं, कर्ज सात वर्षांचं, आणि नियमाचा अर्थ काही वर्षांतच बदलला. २०१९ च्या नियमांत राज्यात रूफटॉप ५,००० मेगावॅट होईपर्यंत ग्रीड आधार शुल्क (सोलरवाल्याने ग्रीडचा आधार घेतल्याबद्दलचे पैसे) लावणार नाही असं स्पष्ट लिहिलं होतं. ते वाक्य मला चांगलं वाटलं, कारण त्यात कधी बदलणार याची खूण होती. तशी खूण वेळेनुसार दराच्या बाबतीत असती तर मी १५० ऐवजी १०० किलोवॅट आणि उरलेल्या पैशात बॅटरी असा विचार केला असता.

आमच्या शेजारी उष्णता-प्रक्रियेचं युनिट आहे. त्यांची भट्टी चोवीस तास, तापमान खाली आलं तर अख्खा लॉट वाया. त्यांना दिवसा-रात्री सरकवणं शक्यच नाही. त्यांनी काय करावं?

---

मोरणाकाठचा | बुधवार, सकाळी ६:४५

त्यांच्यासाठी कोयना आहे, असं म्हणतो, आणि ते अगदीच भाबडं नाही.

कोयनेची क्षमता १,९६० मेगावॅट. संध्याकाळी राज्याची मागणी चढते तेव्हा पाण्याचं यंत्र काही मिनिटांत भार उचलतं, कोळशाला ते जमत नाही. पण पश्चिमेकडे वळवून वीज काढायला पाणी किती, तर कृष्णा लवादाने ठरवून दिलेलं वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट). उरलेलं पूर्वेला, शेतीला आणि प्यायला. तो निवाडा सत्तरच्या दशकातला. त्या मर्यादेमुळेच कोयना कायम पीकच्या वेळेच्या विजेचं धरण म्हणून वापरली गेली, आणि चौथ्या टप्प्यात १९९९ मध्ये व पुन्हा २०१२ मध्ये तळ्याखालून छिद्र पाडण्याचं काम आपल्या अभियंत्यांनी केलं. बंधन होतं म्हणून कौशल्य आलं. तेव्हा बंधन म्हणजे वाईटच असं मी मानत नाही.

पुढची पायरी म्हणजे पाणी परत वर चढवणं. दिवसा सोलरच्या विजेने खालचं पाणी वर, संध्याकाळी ते खाली सोडून वीज. राज्यात घाटघरला २५० मेगावॅटचं असं केंद्र चालतंय. आपल्या सह्याद्रीच्या कड्यांसारखी जागा या कामाला शोधून सापडत नाही, पाटण तालुक्यातच प्रकल्पांची आखणी आहे. पण दिवसा घेतलेल्या विजेवर कुठली शुल्कं लागणार आणि संध्याकाळी दिलेल्या विजेला कोण, कुठल्या दराने, किती वर्षं पैसे देणार, हे ठरल्याशिवाय डोंगर कुणी फोडत नाही. आणि रानपाखरूंचा मुद्दा इथं दहापटीने लागू आहे, कारण कडा म्हणजेच जंगल.

---

जतचा दादा | बुधवार, सकाळी ८:१०

काका, एवढं सगळं मुंबईत ठरतंय व्हय? आमच्यासारख्यानं तिथं काय बोलायचं?

---

अर्थवेडा | बुधवार, सकाळी ११:००

बोलता येतं, दादा. वीज कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे दराचा अर्ज आला की तो प्रसिद्ध करावा लागतो, आणि आयोगाने लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊन १२० दिवसांत आदेश द्यायचा असतो. वकील लागत नाही. मराठीत लिहिलेली हरकत चालते. आदेशाच्या सुरुवातीच्या पानांत हरकत घेणाऱ्यांची नावं आणि त्यांचे मुद्दे छापलेले असतात, कंपनीचं उत्तर आणि आयोगाचं मतही. इचलकरंजीचे प्रताप होगाडे यंत्रमागवाल्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या वतीने वर्षानुवर्षं हे करत आलेत. पुण्याचा प्रयास ऊर्जा गट करतो. तुमचा कंट्रोलरचा मुद्दा योजनेचा आहे, तो आयोगाकडे थेट बसणार नाही. पण माधवीताईंचा घरच्या युनिटांचा मुद्दा रूफटॉपच्या नियमांचा आहे, तो तिथलाच.

---

कराडची माधवी | बुधवार, दुपारी ३:२५

आजच गटात बोलले. आम्ही बारा घरांची वर्षभराची बिलं आणि कांडपाची बिलं एकत्र मांडतोय. किती युनिटं उरली, किती विकत घ्यावी लागली, महिन्याप्रमाणे. मसुद्यासाठी कुणी मदत कराल का?

---

कुपवाडकर | बुधवार, रात्री ९:१५

ताई, मसुदा मी बघतो. तुमचं आमचं एकत्र पाठवता येणार नाही, प्रश्न वेगळे आहेत, पण मांडणी सारखी ठेवू.

आमच्या मीटरमधून दर पंधरा मिनिटांचं रीडिंग निघतं. गेल्या दीड वर्षाचं काढून घेतलंय: रात्रपाळीचे महिने, मधले गोंधळाचे महिने आणि दिवसपाळी. शेजारच्या उष्णता-प्रक्रियावाल्यांनीही त्यांचं द्यायला होकार दिलाय. एका बाजूला सरकवता येणारा भार, दुसऱ्या बाजूला न सरकणारा, दोन्ही आलेख एकाच पानावर. मला मिरज, पलूस किंवा कराड बाजूचं अजून एखादं शीतगृह हवंय, बेदाण्याचं असेल तर फारच चांगलं. जाड भिंतींच्या खोल्या दिवसा थंड करून ठेवल्या तर संध्याकाळी कॉम्प्रेसर किती वेळ बंद राहू शकतो, हे खऱ्या आकड्यात बघायचंय. नाव, गाव काही देणार नाही.

---

तासगावचा बेदाणा | बुधवार, रात्री ११:४०

इतके दिवस नुसता वाचत होतो. आमचं शीतगृह आहे. मागच्या आठवड्यात फीडरवर काम होतं म्हणून दुपारी वीज गेली, जनरेटर नादुरुस्त होता. खोली उघडली नाही. तीन तासांत आतलं तापमान जेमतेम दीड अंश चढलं, मी स्वतः दर अर्ध्या तासाने वहीत लिहिलंय. रीडिंग शनिवारपर्यंत पाठवतो, वहीचं पानही.